आतड्यातील वस्ती

मार्गशीर्ष महिना सरत आला, की धाराशिव जिल्ह्यातील रानांना वेगळीच शोभा येते. बालाघाटाच्या उतारांवर आणि तेरणा-मांजरा या नद्यांच्या काठच्या काळ्या जमिनीत शाळू डोलू लागतो, तुरीच्या शेंगा भरतात, हरभरा फुलावर येतो. या महिन्याच्या अमावास्येला येथील लोक ‘वेळ अमावास्या’ म्हणतात. खेड्यातील बोलीत तिलाच ‘येळवस’ असे नाव आहे. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी फुलून जातात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारतात, तीत पाच दगड मांडून पांडव म्हणून त्यांची पूजा करतात आणि काळ्या आईला नैवेद्य दाखवून सर्वजण झाडाखाली जेवावयास बसतात. ज्याला स्वतःचे शेत नाही, त्याला शेजारी आग्रहाने आपल्या शेतावर नेतो.

त्या दिवसाचे पान पाहण्यासारखे असते. तुरीचे, वाटाण्याचे व पावट्याचे कोवळे दाणे, हरभरा, शेंगदाणे, मेथी, वांगी अशा नाना जिनसा एकत्र शिजवून, बेसन आणि चिंच घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर, आणि ज्वारीचे पीठ व ताक यांपासून केलेली, मातीच्या घागरीत आंबवलेली आंबील. हे जेवण चवीचे असते, हे तर कोणीही सांगेल. परंतु या पानावरील अन्न केवळ जेवणाऱ्या माणसाचेच पोट भरते असे नाही. त्यातील बराचसा भाग त्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका प्रचंड वस्तीच्या वाट्याला जातो. ही वस्ती डोळ्यांना दिसत नाही. पण ती सुखात आहे की उपाशी आहे, याचा परिणाम माणसाच्या आयुष्यभराच्या आरोग्यावर होतो.

आपण खाल्लेला घास तोंडातून जठरात आणि तेथून लहान आतड्यात जातो. मोठ्या माणसाचे लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. तेथे पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे पचन होते व पोषक द्रव्ये रक्तात शोषली जातात. तथापि धान्याचा कोंडा, डाळींची साले, पालेभाज्यांच्या शिरा, फळांचा गर यांत असा एक भाग असतो, की तो माणसाच्या पाचकरसांना मुळीच दाद देत नाही. त्याला आपण चोथा म्हणतो. हा चोथा जसाच्या तसा सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात येऊन पोहोचतो. चोथ्यामुळे पोट साफ होते, याहून त्याचा अधिक काही उपयोग नसावा, अशी पुष्कळ काळ समजूत होती. ती समजूत अपुरी होती.

मोठ्या आतड्यात सूक्ष्म जीवाणूंची दाट वस्ती असते. एका प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असावेत, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडला. शरीराच्या स्वतःच्या पेशींची संख्याही साधारण तेवढीच भरते. ‘जंतू’ म्हटले, की आपल्याला रोगाची आठवण होते. परंतु आतड्यातील बहुतेक जीवाणू निरुपद्रवी असून त्यांतील पुष्कळ तर आपले उपकारकर्ते आहेत. माणसाला न पचणारा चोथा हेच त्यांचे अन्न होय. तो खाऊन, आंबवून, ते काही सौम्य आम्ले तयार करतात. त्यांपैकी एकाचे नाव ब्यूटिरिक आम्ल. हे आम्ल लोण्यातही सापडते आणि लोण्याच्या लॅटिन नावावरूनच त्याचे नामकरण झाले आहे. हे आम्ल आतड्याच्या कामी कसे येते, हे समजण्यासाठी प्रथम आतड्याची भिंत कशी असते ते पाहिले पाहिजे.

धाराशिव जिल्ह्यात बोरी नदीवर नळदुर्गाचा किल्ला आहे. त्याच्या तटाची जाडी पाहून पाहणारा थक्क होतो. आपल्या आतड्यालाही असाच तट आहे. पण तो मात्र अवघ्या एका पेशीच्या जाडीचा आहे! त्याच्या आतल्या बाजूस अन्न, पाणी आणि कोट्यवधी जीवाणू; बाहेरच्या बाजूस रक्त. पोषक द्रव्यांना वाट द्यावयाची आणि जीवाणूंना अडवावयाचे, असे दुहेरी काम या नाजूक तटाला अहोरात्र करावे लागते. म्हणून निसर्गाने त्यावर चिकट श्लेष्म्याचा लेप दिला आहे आणि दर तीन ते पाच दिवसांनी तो तट नव्याने बांधण्याची सोय केली आहे. मोठ्या आतड्यात या तटाच्या पेशींना लागणारी बहुतेक शक्ती ज्या आम्लापासून मिळते, ते म्हणजे वर सांगितलेले ब्यूटिरिक आम्ल होय. म्हणजे आपण भाकरीचा कोंडा जीवाणूंना देतो, जीवाणू त्याचे आम्ल करून तटाला देतात आणि तट आपले रक्षण करतो. अशी ही देवघेव आहे.

या तटामागे शरीराचे पहारेकरीही सज्ज असतात. रोगाशी झुंजणाऱ्या आपल्या पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या आसपासच ठाण मांडून असतो. हे पहारेकरी काय काम करतात, हे पायात बाभळीचा काटा मोडला म्हणजे सहज कळते. काटा मोडलेली जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. ही चार लक्षणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममधील सेल्सस नावाच्या ग्रंथकाराने नोंदवून ठेवली आहेत. या प्रकाराला दाह म्हणतात. दाह हा शत्रू नव्हे. तो शरीराचा बचाव आहे.

हे प्रथम ज्याने नीट ओळखले, तो रशियन शास्त्रज्ञ एली मेच्निकॉफ. १८८२ मध्ये तो इटलीतील मेसिना या गावी समुद्रातील जीवांचा अभ्यास करीत होता. तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिलाच्या अंगात त्याने गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातला होता! परकी वस्तू आत शिरताच शरीराच्या पेशी धावून येतात आणि तिला गिळू पाहतात, हे त्याला उमगले. या शोधासाठी १९०८ मध्ये त्याला पॉल एर्लिख या शास्त्रज्ञाबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

काटा निघाला, की चार दिवसांत सूज उतरते आणि पहारेकरी आपापल्या जागी परततात. हा झाला उपकारक दाह. परंतु दाहाचा दुसराही एक प्रकार आहे. कडब्याच्या गंजीत कोठे तरी ठिणगी पडावी, वरून काहीच दिसू नये आणि आत मात्र दिवसेंदिवस धुमसत राहावे, तसा हा दाह असतो. त्यात सूज दिसत नाही, ताप येत नाही, काही दुखत नाही. रक्ततपासणीत मात्र दाहाची साक्ष देणारी काही प्रथिने थोडी वाढलेली आढळतात. असा मंद दाह वर्षानुवर्षे चालू राहिला, तर रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा पोहोचते, आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्शुलिनचे काम नीट होईनासे होते. हृदयविकार आणि मधुमेह यांच्या वाढीला त्यामुळे हातभार लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असावा. एके काळी शहरातील श्रीमंतांचा मानला जाणारा हा रोग आता खेड्यापाड्यांतही आढळतो.

या मंद दाहाची कारणे अनेक आहेत. शरीरात साठलेली जादा चरबी, तंबाखूचे व्यसन, अपुरी झोप, अंगमेहनतीचा अभाव ही त्यांतील काही प्रमुख होत. आहार हेही त्यांपैकीच एक मोठे कारण आहे. चोथा मिळेनासा झाला, की आतड्यातील वस्ती उपाशी पडते. उपाशी माणूस घरातील बियाणेही खाऊन टाकतो. तसेच येथे होते. उंदरांवरील एका प्रयोगात, २०१६ मध्ये, असे दिसून आले, की चोथा बंद होताच काही जीवाणू तटावरील श्लेष्म्याचा लेपच खाऊ लागले. लेप पातळ झाला, म्हणजे जीवाणू तटाला येऊन भिडतात. त्यांच्या शरीरातील काही द्रव्ये फटींतून रक्तात झिरपतात. पहारेकरी खडबडून जागे होतात आणि ठिणगी पडते.

उंदरांचे ठीक आहे, पण माणसांचे काय, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. त्याचे उत्तर शोधण्यासाठी काही शास्त्रज्ञांनी एक मोठा मनोरंजक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील २० माणसे आणि अमेरिकेत राहणारी, आफ्रिकन वंशाचीच २० माणसे निवडली. मग दोन आठवड्यांपुरती त्यांच्या आहाराची अदलाबदल केली. एरवी दिवसाला जेमतेम १४ ग्रॅम चोथा खाणाऱ्या अमेरिकनांना सुमारे ५५ ग्रॅम चोथा असलेले गावरान अन्न दिले. गावकऱ्यांना मात्र मांस व चरबी अधिक आणि चोथा अगदी कमी, असे अमेरिकन अन्न दिले. अवघ्या चौदा दिवसांत फरक दिसला. अमेरिकनांच्या आतड्यात ब्यूटिरिक आम्ल वाढले आणि दाहाच्या खुणा कमी झाल्या. गावकऱ्यांच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडले. ज्या आहाराने गावकरी आजवर निरोगी राहिले, तो आहार केवळ दोन आठवडे सुटताच त्यांच्या आतड्याची स्थिती बिघडू लागली, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

आता पुन्हा धाराशिव जिल्ह्याकडे वळू. हा भाग अवर्षणाचा. थोड्या पावसावर, जमिनीतील ओलीवर येणारी रब्बी ज्वारी हे येथील पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. तितक्याच मैद्यात तो ३ ग्रॅमही भरत नाही. कारण गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकल्यावरच मैदा तयार होतो. जुन्या घरांतून भाकरीच्या जोडीला तूर, मूग, मटकी, हुलगा ही कडधान्ये असत. अंबाडी, तांदुळजा, घोळ अशा रानातल्या व बांधावरच्या भाज्या असत. जवस, कारळे आणि शेंगदाणे यांच्या चटण्या असत आणि शेवटी ताक असे. हुलग्याचे गरम माडगे तर थंडीच्या दिवसांत घरोघरी होई. ज्या बायका हे पदार्थ रांधीत, त्यांना जीवाणूंचे नावही ठाऊक नव्हते. पण त्यांच्या हातून त्या अदृश्य वस्तीची उत्तम बडदास्त ठेवली जात होती.

मात्र जुने ते सारेच सोने होते, असे समजणे चुकीचे ठरेल. दुष्काळात लोकांना पोटभर भाकरीही मिळत नसे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो कुटुंबांना खडी फोडून, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढावे लागले. दूषित पाण्याने होणारे अतिसारासारखे रोग मुलांच्या आतड्याला पुनःपुन्हा इजा करीत. तेव्हा पोटभर अन्न आणि स्वच्छ पाणी ही आरोग्याची पहिली पायरी होय. चोथ्याचा विचार त्यानंतरचा.

पुढे काळ पालटला. शिधापत्रिकेवर गहू आणि तांदूळ मिळू लागले. ज्वारीच्या पुष्कळ रानांत सोयाबीन आले. भाकरी थापणे हे कौशल्याचे काम. पोळी त्या मानाने सोपी आणि बिस्किटांचा पुडा त्याहून सोपा. पोट भरण्याची चिंता कमी झाली, हा मोठाच लाभ झाला. परंतु त्याबरोबरच एक चमत्कारिक समजूतही रुजली. भाकरी हे गरिबाचे अन्न आणि पाकिटातले ते सुधारलेल्या माणसाचे, असे लोकांना वाटू लागले. मधल्या सुट्टीत एखादा मुलगा आपल्या डब्यातील भाकरी झाकून ठेवतो आणि शेजाऱ्याच्या हातातील रंगीत पाकिटाकडे पाहत राहतो. वास्तविक त्या पाकिटात मैदा किंवा पिष्ट, तेल, मीठ आणि साखर यांखेरीज फारसे काही नसते. तोंडाला ते चटकन गोड लागते. आतड्यातील वस्तीच्या वाट्याला मात्र त्यातून काहीच येत नाही. लाज वाटावयाची झाली, तर ती पाकिटाची वाटावी, भाकरीची नव्हे. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. ज्या धान्याला घरच्या लोकांनी गरिबाचे म्हटले, त्याचे मोल सगळ्या जगाने मान्य केले.

वेळ अमावास्येच्या आंबिलीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आंबट दूध, दही, ताक यांतील जीवाणू माणसाला हितकारक असावेत, असे मत त्याच मेच्निकॉफने १९०७ मध्ये आपल्या ग्रंथात मांडले होते. म्हातारपण मोठ्या आतड्यातील कुजण्यामुळेच येते, ही त्याची कल्पना पुढे टिकली नाही. पण आंबवलेल्या अन्नाचा अभ्यास मात्र चालू राहिला. २०२१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ३६ निरोगी प्रौढांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतील ज्यांनी दहा आठवडे दही व इतर आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या आतड्यातील जीवाणूंचे प्रकार वाढले आणि रक्तातील दाहाशी संबंधित १९ प्रथिने कमी झाली. एवढ्या थोड्या माणसांच्या प्रयोगावरून अखेरचा निकाल देता येत नाही. तथापि जेवणाच्या शेवटी वाटीभर ताक पिण्याची जुनी रीत शहाणपणाची होती, असे म्हणण्यास आधार मिळतो.

मग दररोज काय खावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये असे सांगितले, की दहा वर्षांवरील प्रत्येकाच्या आहारात दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा आणि ४०० ग्रॅम भाज्या व फळे असावीत. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीस ६० ते ७० ग्रॅम पीठ लागते. म्हणजे दोन भाकरींतून १२ ते १४ ग्रॅम चोथा मिळतो आणि निम्मे काम तेथेच होते. उरलेले काम मोड आलेल्या मटकीची उसळ, एखादी पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, पेरू किंवा बोरे यांनी सहज पुरे होते. यासाठी महाग वस्तू आणण्याची गरज नाही. मात्र प्रकार पुष्कळ असावेत. आतड्यातील जीवाणू अनेक जातींचे असतात आणि प्रत्येकाची आवड निराळी असते. भज्जीत नाना जिनसा पडतात, तिचे महत्त्व यातच आहे.

याच्या जोडीला आणखी काही पथ्ये पाळली पाहिजेत. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि पाणी शुद्ध करून प्यावे; कारण रोगजंतूंना घरात घेणे आणि मित्रांना जपणे या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. प्रतिजैविक औषधे रोगजंतूंबरोबर उपकारक जीवाणूंनाही मारतात. म्हणून ती डॉक्टरांनी सांगितली असतील तेव्हाच, आणि सांगितली असतील तितके दिवस घ्यावीत. चोथा हळूहळू वाढवावा आणि पाणी पुरेसे प्यावे. एकदम वाढवला, तर पोट फुगते. आणि ज्याला एखादा आजार आहे, त्याने औषध सोडून केवळ भाकरीवर विसंबू नये. भाकरी हे अन्न आहे, औषध नव्हे.

‘पी हळद आणि हो गोरी’ असा हा प्रकार नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. एका दिवशी भज्जी आणि आंबील खाऊन वर्षभराचे आरोग्य पदरात पडत नाही. तसेच एका दिवशी पाकिटातले खाल्ले म्हणून कोणी आजारीही पडत नाही. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हेच येथे खरे. बाराव्या वर्षी जी सवय लागते, तिचे फळ बहुधा पन्नासाव्या वर्षी हाती येते.

वेळ अमावास्येच्या सायंकाळी काही गावांत हेंडगा पेटवण्याची चाल आहे. गवताची किंवा कडब्याची पेंढी पेटवून ती हातात धरून शेताभोवती फिरतात. ती ज्वाला सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. काम झाले, की ती विझवून माणसे आनंदाने घरी परततात. शरीरातील दाहही असाच असावा. गरज पडेल तेव्हा पेटावा आणि काम होताच शांत व्हावा. तो गंजीतील ठिणगीसारखा नकळत धुमसत राहू नये, यासाठी आतड्यातील त्या अदृश्य वस्तीला रोज तिचा वाटा दिला पाहिजे. धाराशिवच्या शेतकऱ्याच्या घरात तो वाटा आजही शिंक्यावर, उतरंडीत आणि बांधावर सापडतो. फक्त तो पानात वाढून घेण्याची इच्छा हवी.